राखणदाराचा गहू

माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, यांच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल. लांज्याच्या आतल्या अंगाला, जिथे भात आणि काजू सोडून फारसं कुणी काही लावत नाही, तिथे त्यांनी गहू पिकवायचं मनावर घेतलं. तोही रासायनिक खताचा एक दाणा न टाकता. खपली, बन्सी आणि कुठून कुठून मागवलेले जुने वाण ते भातकापणीनंतर वेगवेगळ्या वाफ्यांत पेरत. पाहुणा आला की चहाआधी त्याला बांधावर उभं करून ओळख करून देत. "ही खपली, शांत आहे. हा बन्सी, जरा तिरसट. इथे मोठ्याने बोलू नका." शेण, गोमूत्र, गूळ कालवलेल्या जीवामृताची बादली ढवळताना ते असे रंगून जात की आत्या म्हणायची, "माझ्या आमटीकडे कधी असं बघितलं नाहीत."

हे सगळं ठीक होतं, पण तो मळा राखणदाराचा होता. म्हणजे गावाच्या समजुतीप्रमाणे त्याला न दिसणारा एक मालक होता, आणि त्याच्या धाकाने तो कित्येक वर्षं पडीक राहिला होता. आतोबांनी त्याच्याशी वाद न घालता त्याला सल्लागार नेमलं. प्रत्येक वाणाची एकेक पोळी ते सकाळी मळ्यातल्या काळ्या दगडावर ठेवत; दुपारपर्यंत जी नाहीशी होईल, त्या वाणाला पुढच्या वर्षी मोठा वाफा.

मी म्हटलं, "कावळे नेत असतील."

"नेत असतील. पण दरवर्षी खपलीच कशी नेतात?"

मी हसलो होतो. मग एका वर्षी ओंब्या भरायला आणि वानरं उतरायला एकच गाठ पडली. गावातले कुळीथ, पावटे सकाळच्या सकाळी साफ झाले. आम्ही दोघे काठ्या घेऊन मळ्याकडे धावलो. वानरांचा सगळा कळप मळ्याभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर ओळीने बसला होता, तोंडं गव्हाकडे. एकही हलत नव्हतं. पिल्लंसुद्धा पोटाला चिकटून गप्प. वारा पडलेला होता, तरी मधला वाफा आतून कुणीतरी चालत असल्यासारखा सावकाश दुभंगत होता. मी काठी खाली ठेवली. आतोबांनी चपला काढल्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "उन्हाचे फिरू नका. मी आलोय आता."

गहू थांबला. वानरं एकेक करून पलीकडे उतरून गेली.

"कोण होतं?" मी विचारलं.

"मी कधी विचारलं नाही. त्याने तरी मला कुठे विचारलंय?"

पुढच्या पावसाळ्यात आतोबा गेले. पेरायला कुणी नव्हतं, म्हणून बियाण्याची मडकी आत्याने शेणामातीने लिंपून माळ्यावर ठेवून दिली. थंडीत तिचा फोन आला, "जरा मळ्यात येऊन जा."

गेलो, तर गहू उगवला होता. वाफ्यावाफ्याने, हाताने पेरल्यासारखा सरळ ओळींत. मी घरी जाऊन माळ्यावर चढलो. मडक्यांच्या लिंपणाला साधी चीरही गेली नव्हती. परत आलो तेव्हा आत्या पदर खोचून वाफ्यात बसली होती आणि गव्हातलं तण उपटत होती.

"एकट्याने किती करायचं त्यांनी," ती मान वर न करता म्हणाली. "तू त्या टोकाकडून ये."