नोरीनची नजर

खुब्याचं हाड मोडल्यापासून नोरीन टॅगर्टचं बूड एका जागी टेकत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन गावाच्या पश्चिमेला, जिथे शेजाऱ्याकडे चहाला जायचं तर अर्धा दिवस गाडी हाकावी लागते, तिथल्या गुरांच्या रानात तिचा जन्म गेला. चालायला लागली तेव्हापासून ती घोड्यावर. आता डॉक्टरने घोडा बंद केला होता. कोरड्या हंगामात सगळे गुरं गोळा करायला जात आणि नोरीन खारवलेलं मांस उकडत भांडी आपटत बसे.

"आई, टेक ना जरा," मुलगा डॅरिल म्हणाला.

"टेकायला थडगं आहेच की," असं म्हणून तिने मर्व्हला फोन लावला.

मर्व्ह हॉलोरन कुठल्या शाळेचा मास्तर नव्हता. स्वतःचं दोन माणसांचं हेलिकॉप्टर घेऊन तो रानोरान फिरे, अंगणात पथारी टाके आणि ज्याला वरून गुरं हाकायची त्याला उडवायला शिकवी. शब्दांचा कंजूष, शिव्यांचा उधळा.

"अगं ए, लगाम ओढू नकोस!" पहिल्याच दिवशी तिने दांडा मागे खेचला तसा तो ओरडला. "ही घोडी नाही! शेपूट आपटेल जमिनीवर!"

ती खोड सुटली. दुसरी सुटेना. खाली गुरं दिसली की नोरीनची मान तिकडे वळे. मर्व्ह विचारी, "वारा कुठून आहे?" ती म्हणे, "ती तांबडी गाभण आहे बघ."

तरी एका सकाळी तो हेलिकॉप्टरमधून खाली उतरला. "एकटीने एक फेरी मार आणि उतर. बाकी काही नाही."

नोरीन वर गेली. खाली डॅरिल आणि गडी कळप आणत होते, तेवढ्यात एक माजलेला बैल फुटला. त्याच्यामागे सगळा कळप फुटणार, हे तिला वरून स्वच्छ दिसलं. मग विचार कसला! झाडांच्या शेंड्यांना घासून ती खाली गेली, बैलाला आडवी गेली आणि त्याला वळवून कळपात घातलं. गड्यांनी टोप्या उडवल्या.

"आई, मानलं तुला!" उतरल्यावर डॅरिलने तिला मिठीच मारली.

मर्व्ह जवळ आला. "वेग किती होता?"

"पाहिला नाही."

"वारा?"

नोरीनने मान हलवली.

"आणि बैल?"

"आधी उजवा खांदा टाकला, मग डावीकडे वळला. एक शिंग मोडकं आहे."

"घोडा तुझ्याबरोबर स्वतःचाही जीव सांभाळतो, नोरीन. खड्डा दिसला की तोच उडी मारतो. या डबड्याला जीवच नाही, तुझा जीव तुलाच सांभाळायचा. बैल वळवता येणारी तीन पोरं मी पुरली आहेत." त्याने किल्ली खिशात टाकली.

तिला त्याचा भयंकर राग आला. रात्रभर तळमळली. रागापेक्षा वाईट म्हणजे, म्हातारा खरं बोलत होता.

सकाळी गुरं हाकायला निघताना मर्व्हने तिला शेजारी बसवलं. "मी उडवतो. तू वेग-ताकदीच्या घड्याळांकडे आणि वाऱ्यासाठी धुळीकडे बघायचं. गुरांकडे नाही."

"सगळा दिवस?"

"नाहीतर उतर."

रेडिओवर डॅरिल बोंबलत होता, "डावीकडे! आई, सुटला बघ, सुटला!" नोरीनची मान ताठरली, हात शिवशिवले. असं न बघता राहणं तिला जन्मात ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते डोळे काट्यांवरून आणि धुळीवरून हलले नाहीत.

"मर्व्ह, वारा मागून आलाय," ती म्हणाली. "इंजिनाची ताकद संपत आली आहे. वर घे."

त्याने वर घेतलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "बैल कुठे गेला?"

"मला माहीत नाही," नोरीन म्हणाली, आणि हुंदका आवरेना.

मर्व्हने दांड्यावरचा हात काढला. "घे," तो म्हणाला.