दह्यामागचा डबा

नऊ वर्षांपूर्वी नांदेडच्या डॉक्टरांनी रईसाबींना दहा इंजेक्शनं दिली. ती थंड ठेवायची होती आणि देगलूरच्या त्यांच्या घरात फ्रीज नव्हता. शेजारच्या नागम्मांकडे होता.

"शुगरची हायत, अक्का," रईसाबी म्हणाल्या.

"तुझ्या अंगात साखर?" नागम्मा हसल्या. "जिभेला तर कधी लागली न्हाई!" आणि दह्याचं भांडं पुढं ओढून त्यांनी डबा मागं सरकवला.

इन्सुलिनसारखीच पोटात टोचायची इंजेक्शनं, म्हणून खोटं खपलं. रईसाबी ब्लाउज शिवतात, त्यांचे पती चांदपाशा गाद्या भरतात. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. उपचाराचं कुणाला कळू द्यायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. गल्लीतल्या एका सुनेला असंच उपचारानं मूल झालं तेव्हा "नळीतलं हाय, कुणाचं काय म्हाईत" असं बायका रईसाबींच्या मशीनपाशी बसूनच बोलल्या होत्या. रईसाबी तेव्हा हसल्या होत्या. ते हसू आपल्यावर उलटेल, याची त्यांना धास्ती होती.

मुज्तबा झाला. सासूनं विचारलं, "कुठं मन्नत मागितलीस?" रईसाबींनी गावाबाहेरच्या दर्ग्याचं नाव घेतलं. मन्नत त्यांनी मागितली होतीच, त्यामुळे खोटं अर्धंच आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मुलाला दर्ग्यात साखरेनं तोललं, डोक्यावर मन्नतीची शेंडी राखली. गल्लीनं ती शेंडी पाहिली आणि पुढचं काही विचारलं नाही.

नागम्मांनाही मूल नव्हतं. तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. शेंडी पाहून त्यांनी दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, दर्ग्यावर जायला सुरुवात केली. त्यांचे पती माणिकप्पा म्हणायचे, "हितंच होतंय तर डॉक्टर कशाला?" जाताना नागम्मा हाक मारत, "रईसा, तुझ्या नावानं पण फुलं वाहते गं." आतून रईसाबी म्हणत, "हाव, अक्का." मशीन थांबत नसे.

सहा वर्षं हे चाललं. सांगायचं म्हणून रईसाबी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेल्या. एकदा साखर मागून परत आल्या, एकदा सुई.

मागच्या वर्षी नागम्मांची बहीण त्यांना लातूरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर नागम्मा रईसाबींच्या ओट्यावर बसल्या. "लई उशीर केला म्हणाले. पाच-सहा वर्षं आधी आला असता तर काही करता आलं असतं म्हणाले." मग त्यांनी विचारलं, "माझीच मन्नत कुठं चुकली गं?"

रईसाबींनी मशीन थांबवलं. "तुमची न्हाई चुकली, अक्का. ती इंजेक्शनं शुगरची नव्हती."

नागम्मांना समजायला वेळ लागला. "माझ्या फ्रीजमधली?"

"हाव."

"दह्यामागची?"

"हाव."

"रोज हलवून बघायचे मी, गोठलीत का म्हणून." नागम्मा उठल्या. "फ्रीजचा भरोसा होता. माझा नव्हता."

तीन महिने दोघी बोलल्या नाहीत. मुज्तबाची शेंडी रईसाबींनी त्याच आठवड्यात काढली. सासूनं कारण विचारलं तेव्हा उपचाराचं सगळं सांगितलं. गल्लीत महिनाभर बोललं गेलं आणि मग थांबलं. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंसंच होतं, हे सांगताना रईसाबी मान वर करत नाहीत.

आता ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका शेवटी हळू आवाजात मन्नतीचं विचारतात. रईसाबी दर्ग्याची वाट सांगतात आणि लगेच नांदेडच्या दवाखान्याचीही. "आधी तिकडं जा," म्हणतात. पलीकडच्या गल्लीतली लुबना, एकोणतीस वर्षांची, त्यांच्यासोबतच नांदेडला गेली. येताना तिलाही तसाच डबा मिळाला. तिच्या सासरी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि रईसाबींकडे अजूनही फ्रीज नव्हता.

डबा घेऊन त्या नागम्मांच्या दारात उभ्या राहिल्या. "मूल व्हायची इंजेक्शनं हायत, अक्का. लुबनाची. तिला इचारून सांगून राहिले."

नागम्मांनी डबा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग आत जाऊन दह्याचं भांडं खालच्या फळीवर ठेवलं आणि डबा पुढंच ठेवला.

"वरी लिव्हून ठेव," त्या म्हणाल्या, "कशाची हायत ते."