मामा कॉफी

“या मांडवात मी पाणीसुद्धा पिणार नाही!” नवरदेवाचे मामा गरजत होते. मानाचे फेटे बांधताना नेमके त्यांनाच विसरले होते. अख्खं वऱ्हाड चपला शोधू लागलं.

लग्नांत कॉफीचं मशीन चालवणारा आमच्या ओळखीचा एकजण बोलण्याआधी नेहमी वाफ सोडायचा. त्या दिवशी अशी सोडली की पार पंचवटीतली कबुतरं उडाली! मग त्याने कपावर फेसाचा उंच फेटा चढवला, वर चॉकलेटची पूड शिंपडली आणि पुकारलं, “ही मामा कॉफी! पहिला मान मामांचा!”

मामा विरघळले. लग्न लागलं. पुढे नाशकातली सगळी लग्नं मामा कॉफीच मागू लागली.

“एवढा फेस सुचला कसा रे?” मी विचारलं.

“दूध संपत आलं होतं.”