मोहाखालचा गोटा

धुरा एकट्यानं तोड म्हनते मले. काहून? त्या गोविंदाले कोनी तरी विचारा, पांदन काय माह्या एकट्याची आहे? अख्खं गाव चालते तिच्यावरून.

हौ, बोललो होतो मी. सगळ्यायच्या समोर बोललो. आता तुमच्यापासून काय लपवू, ऐका मंग.

माही शांता पहिल्या बाळंतपनाले घरी आली. दिवस भरत आले. पानी पडलं का आपल्या पांदनीत गुडघाभर गारा-चिखल, दवाखान्यात न्याले बैलबंडी खैरलांजीच्या सडकेले लागतच नाही. म्हून गावानं श्रमदान काढलं. खड्डे बुजवले, मुरूम टाकला, बोराट्या छाटल्या. तुम्ही नोयते आले, माहीत आहे मले. सारी पांदन झाली अन् माह्या अन् गोविंदाच्या वावरामधी येऊन बंडी अडकली. इकून माह्या वावराचा बांध, माहा धुरा, तिकून त्याचा. चाक जाईना.

म्या म्हटलं, "गोविंदा, तूनं पांदन खाल्ली बे."

"म्या? माहा धुरा बापाच्या वेळचा आहे. तुहाच पाह्य."

"मंग हद्दीचा गोटा कुठी गेला? फुली कोरलेला होता. तूनंच उपटला."

"गोटा त्या मोहाच्या झाडाखाली होता."

"काहीच्या काही बोलते. मोह तं माह्या वावरात आहे."

डोस्कं फिरलं माहं. पटवाऱ्याले मीच बोलावून आनलं. अन् पंचायच्या समोर म्हटलं, "ज्याचा धुरा पांदनीत निघन, त्यानं एकट्यानं तोडावा. दुसऱ्या कोनी फावडं लावाचं नाही."

गोविंदा म्हने, "कबूल."

पटवारी उन्हात हिंडून हिंडून थकला. "पत्थर मिले तो नापूँ. पहले पानी पिलाओ."

नेलं माह्याच घरी. विहिरीजवळ कपडे धुवाच्या गोट्यावर बसला तो. गोटा डगमगे. नीट बसवाले म्हून त्यानं उलटा केला. खाली फुली.

मी गप्प राहाचं का नाही? नाही. मी वरडलो, "पाहा, पाहा याची बदमाशी. चोरून माह्या घरी आनून टाकला."

शांताची माय आतून पानी घेऊन आली. म्हने, "अजी, ते काहून टाकतीन? शांताच्या बारशाच्या साली तुम्हीच नाही का बंडीत टाकून आनला? मोहाखालून. कपडे आपटाले सपाट आहे म्हने."

शांता दारात पोट धरून हासे.

खरं सांगतो, मी विसरलो होतो. दरसाली धुरा बांधतानी एक फावडं माती तिकडे लोटत गेलो. गोटाच नोयता, तं थांबू कुठी? मोह हळूहळू माह्या वावरात येऊन गेला.

गोविंदा हासला नाही. त्याचाच राग येते मले. हासला असता तं दोन हानल्या असत्या.

पटवाऱ्यानं गोटा परत मोहाखाली गाडला. तीन दिवस झाले, मी एकटा तोडून राह्यलो, अर्धा बी झाला नाही. गोविंदा सकाळीच येते, त्याच गोट्यावर बसते, बिडी पेटवते. "तूच बोललता ना, एकट्यानं." वरून आभाळ भरून येऊन राह्यलं. पोरीले काय सांगू? बाई, बापाचा शब्द पुरा होये परेंत थांब?

तो बसो बोंबलत. तुमचा चहा झाला ना? उठा. फावडे घ्या अन् चाला.