कुलपातला रेग्युलेटर

जव्हारला खोली मिळाली ती एका अटीवर. कापडाच्या दुकानामागची ती खोली दुकानवाल्या वहिनींची. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की एकट्या मुलीला आम्ही ठेवत नाही. दोघी असाल तर राहा, एक गेली की दुसरीनंही पेटी उचलायची. मी मान हलवली. परभणीकडून इतक्या लांब आलेली मी, शाळा आठवीतच सुटलेली, हातात फक्त शिवणकाम. गणवेश शिवायच्या दुकानातलं कामही गावाकडच्या एका नर्सताईंनी शब्द टाकला म्हणून मिळालं. त्या तेव्हा इथल्या दवाखान्यात होत्या, मला चिकटवून दिलं आणि दोनच महिन्यांत त्यांची बदली झाली. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्या गेल्यावर माझं इथं कोणी उरलं नाही. खोली सुटली असती तर कामही सुटलं असतं, आणि घरी भाऊ लग्नाची बोलणी अर्धी करून माझी वाटच बघत होता.

दुसरी मुलगी खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. बारावी झालेली. एका झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज भरून द्यायची. आल्या आल्या तिनं मला गाव, तालुका, भावंडं किती, रेशनकार्डावर नाव आहे का, सगळं विचारून घेतलं. मी निम्मं खोटं सांगितलं. दिवसभर लोकांना हेच विचारणारीच्या तोंडाला तीच सवय लागणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात आलं ते इतकंच, की हिला माझ्या कागदांचं काय करायचंय? आधारकार्ड मी पेटीच्या तळाला साड्यांच्या घडीत सरकवलं. ती फोनवर घरच्या बोलीत बोलायची. मला त्यातलं फार कळायचं नाही, पण हसली की ते हसणं माझ्यावरच आहे असं वाटायचं.

तरी पहिले महिने बरे गेले. एका भांड्यात शिजवायचो, एकत्र जेवायचो. श्रावण संपत आला तसं तिनं माझ्या हातचं खाणं सोडलं. बाजारात डोंगरातल्या बायका काकड्या, दुधी, चवळीच्या कोवळ्या शेंगा घेऊन बसलेल्या असायच्या. मी हौसेनं आणून भाजी करायची, आणि ती म्हणायची, तू खा, मला नको. मग आपली आपली डाळ शिजवायची, नाहीतर सुकट भाजायची आणि नागलीच्या भाकरीबरोबर कोपऱ्यात बसून खायची. मी काकडीची कोशिंबीर पुढे केली तर ताट मागे ओढून घेतलं. ते ताट ओढणं माझ्या जिव्हारी लागलं. हिला कोणीतरी माझ्याविषयी काहीतरी सांगितलंय, अशी माझी खात्रीच झाली. जातीवरून असेल, किंवा मी घरून पळून आले असं कोणी उठवलं असेल. विचारायचं धाडस मात्र झालं नाही. विचारलं आणि ती चिडून निघून गेली तर?

मग एकदा संध्याकाळी आले तर शेगडीचं बटण पुरतं बंद नव्हतं. वास आल्यासारखा वाटला, आला नाही असंही वाटलं. तिचा निष्काळजीपणा म्हणावा की आणखी काही? त्या दिवसापासून मी रोज सकाळी निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून पेटीत ठेवायला लागले आणि पेटीला कुलूप. स्वतःला सांगितलं, ही काळजी आहे. दुपारी ती जेवायला खोलीवर यायची, तिची चूल मी बंद केली होती. ती एका शब्दानं बोलली नाही. बाहेर वडा खाऊन परत जायची. तिच्या गप्प बसण्याची मला आणखीच भीती वाटायला लागली. माणूस इतकं गप्प बसतं ते काहीतरी मनात धरूनच.

एके सोमवारी उशीर झाला. चहा केला, पातेलं तसंच टाकलं आणि धावत सुटले. रेग्युलेटर सिलिंडरवरच राहिला. रोजच्या काढघालीनं आतला रबरी वायसर झिजून तिरका झाला होता, पण ते मला कुठं माहीत. दुपारी दुकानात निरोप आला, खोलीवर ये, गॅसचं काहीतरी झालंय.

पोचले तेव्हा सिलिंडर अंगणात, मोरीच्या बाजूला, तोंडावर टोपी लावलेला. दार-खिडकी सताड उघडी. शेजारची बाई मला बघताच सांगायला लागली, की ही पोर आली, दारातच तिला वास आला, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, आधी खिडकी उघडली, मग एकटीनं सिलिंडर फरफटत बाहेर आणला. वहिनी कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, शेवटचा चहा कोणी केला? आता पेटी उचलायची, एवढंच कळत होतं.

ती म्हणाली, "वहिनी, वायसर झिजला होता. कोणाची चूक नाय."

वहिनींनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं, नवा वायसर आणल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही असं बजावलं आणि दुकानात गेल्या. हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसरंच. हिनं मला का वाचवलं? आता ही काय मागणार? अंगणातच, सिलिंडरच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं.

"माझ्या हातचं तुला चालत नाही, आणि माझ्यासाठी खोटं बोलायला चालतं?"

तिला आधी काही समजलंच नाही. मग हसायला लागली. "अगं बाय, आमच्या घरी अजून नवं झालं नाय. यंदाची काकडी, यंदाच्या शेंगा, देवाला दाखवल्याबिगर कशी खायची? भावकीत सुतक होतं म्हणून यंदा लांबलं."

"मग सांगायचं ना."

"तू इचारलंस कधी? तू तर कुलूपच लावलंस."

तरी मी चिकटून विचारलं, की वहिनींपुढं नाव का नाही घेतलंस. ती टोपी घट्ट बसली आहे का ते बघत म्हणाली, "तुला काढलं असतं तर मला काय ओवाळलं असतं? मला पण रोज खोडाळ्यावरून जीपनं यायला लागलं असतं." प्रेमानं वाचवलं असं ती म्हणाली असती तर माझा विश्वास बसला नसता. हे पटलं.

नवा वायसर आम्ही दोघींनी मिळून बसवून आणला. साबणाचा फेस लावून फुगे येतात का ते ती बघायची. तिचं बघून झालं की मी पुन्हा बघायची. ती हसायची, पण अडवायची नाही.

पुढच्या शनिवारी ती नव्यासाठी घरी गेली. सोमवारी येते म्हणाली. सोमवार गेला, मंगळवार गेला. तिच्या पाड्यावर फोन लागत नाही. मी दुकानात बाही उलटी जोडली, दोनदा उसवली. तिची पिशवी खुंटीवर नव्हती. कपडे सगळे नेलेत की काय, ते मी तिच्या फळीवर हात फिरवून बघून आले, आणि तिथं दोनच कपडे होते. कुलुपाचा राग तिनं मनात ठेवला असेल तर तो काढायची हीच वेळ होती.

बुधवारी सकाळी वहिनी दारात आल्या. "काय गं, ती येणार आहे का नाही? नाहीतर मला दुसऱ्यांना खोली द्यायला बरी."

"येणार. काल फोन आला होता तिचा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

फोन आला नव्हता. एवढं ठाम खोटं मी आयुष्यात कोणासाठी बोलले नव्हते, आणि ते खरं ठरायची मला काडीचीही खात्री नव्हती.

गुरुवारी दुपारी ती आली. मामांनी सोडलं नाही, असं तिनं नंतर सांगितलं. मला गाठायच्या आधीच वहिनींनी तिला दुकानासमोर अडवलं. मी रस्त्यापलीकडून येत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"परवा फोन केला होतास म्हणे?"

तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हो ना वहिनी. डोंगरावर चढून केला. तिथंच रेंज येते."

वहिनी आत गेल्या. ती माझ्याकडे न बघताच खोलीकडे चालायला लागली, आणि मी तिच्या मागून.