नटाच्या अंगातला कोट

चिखलीच्या बाजारगल्लीत खुर्शीदचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ आपलं म्हणायचं म्हणून, होती एक खोली. भिंतीला रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात हंस. समोर तीन पायांवर कॅमेरा आणि त्यावर काळं कापड. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि आसपासच्या खेड्यांत ज्याला स्वतःचा चेहरा कागदावर पाहायची हौस यायची, त्याला खुर्शीदसमोर बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खुर्शीद बोलका, गोड बोलणारा, आणि खरं सांगायचं तर थोडा थापाड्याही. पण माणसाला आधी हसवायचा आणि मगच फोटो काढायचा. "हलू नका, श्वास रोका" म्हणत जित्या माणसाचं मढं करणारे फोटोवाले निराळे.

त्याच्या खुंटीवर एक कोट असायचा. तपकिरी चौकड्यांचा, रुंद कॉलरचा. ज्याच्यापाशी कोट नाही त्याने तो घालायचा, आणि कोट तर कोणापाशीच नसायचा. बुटक्याच्या बाह्या खुर्शीद आतून दुमडी, जाड्याला बटणं न लावताच बसवी. तालुक्यात घराघरांतून वेगवेगळी माणसं भिंतीवर लटकली होती आणि सगळ्यांच्या अंगात एकच कोट होता.

हा कोट मुळात उकंडरावाचा. उकंडराव भाजीपाला पिकवणारा माणूस. स्वतःच्या लग्नात त्याने हट्टाने कोट शिवून घेतला. भावकी हसली, त्याने हसू दिलं. डोक्यावर वांग्यांची पाटी आणि अंगात कोट, अशा थाटात तो भर उन्हाळ्यात बाजाराला यायचा. खुर्शीदने नवं दुकान टाकलं तेव्हा पहिल्या काही फोटोंत एक त्याचा होता, याच कोटातला. दोघांचं चांगलं जमायचं. पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि उकंडराव गेला. दिवस झाल्यावर त्याची बायको सत्यभामाबाई कोटाची घडी घेऊन दुकानात आली.

"दिराच्या अंगावर मले पाहवणार नाही, खुर्शीदभाई," ती म्हणाली. "तुमच्यापाशी राहू द्या. कोण्या गरिबाले फोटोत शोभा आली तर त्यायले आवडन."

खुर्शीदने तो कोट दोन्ही हातांनी घेतला आणि डोळ्यांना लावला.

मग एके दिवशी मुंबईचा एक मोठा नट चिखलीत अडकला. नाव सांगत नाही, त्याचे चाहते अजून भांडायला येतात. त्याची मोटार नेमकी खुर्शीदच्या दारात बंद पडली. इंजिनात डोकावण्याच्या नादात पांढऱ्या शर्टाला ऑइलचा पट्टा लागला. गल्ली माणसांनी फुलून गेली, लोक फोटोसाठी अडून बसले, आणि शर्ट तर असा. खुर्शीदने खुंटीवरचा कोट पुढे केला. नटाने तो घातला, तळ्यापुढे बसून झकास हसला, मोटार सुरू झाल्यावर कोट काढून दिला आणि निघून गेला.

तो फोटो दारात लागला आणि आठवडाभरात गावोगाव झालं की नटाने आपला कोट खुर्शीदला बक्षीस दिला. खुर्शीदने असं कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं, "हाच का तो कोट?" तर तो म्हणायचा, "हाव, हाच त्याच्या अंगात व्हता." आणि ते खरंच होतं. पार हिवरा आश्रमाकडून नवरदेव त्या कोटात बसायला येऊ लागले. बायको बानो कधी म्हणायची, "लोकायले खरं काऊन नाही सांगत?" तर याचं उत्तर ठरलेलं, "मी खोटं कुठं बोल्लो?"

एका सकाळी सत्यभामाबाई पुन्हा दुकानात आली. चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी साखरखेर्ड्याचे किसनराव आपल्या भाच्याला घेऊन तिच्या मुलीला, कोकिळेला पाहायला आले होते.

"भिंतीवरचा कोकिळेच्या बापाचा फोटो पाह्यला," ती सांगू लागली. "म्हणे, नटाचा कोट. मी म्हटलं, नाही, त्यायचा सोताचा. तर हसले. म्हणे, फोटोवाल्याकून मेलेल्या माणसाचं मुंडकं नटाच्या कोटावर चिकटवून आणलं. जी बाई असं चिकटवते, ती पोरीचं काय काय लपवत असन? निरोप पाठवतो म्हणून उठून गेले."

असा निरोप कधी येत नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुम्हाले बोल लावाले नाही आली मी. पोरीचं कुठंतरी जमन. पण माझ्या माणसाचा कोट त्याचा नाही म्हणाले लागले लोक. त्याच्यापाशी दुसरं व्हतं काय, खुर्शीदभाई?"

खुर्शीदला एरवी कशावरही विनोद सुचायचा. आज त्याला मान वर करवेना. स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

खरं सांगण्यातही घोळ होता. हेच किसनराव महिन्यापूर्वी त्या कोटात ऐटीत बसून फोटो काढून गेले होते. आपण एका भाजीवाल्याच्या कोटात बसलो हे कळल्यावर ते चिडणार आणि राहिलीसाहिली आशाही जाणार. दुकानाचा बोलबाला बुडणार तो वेगळाच. त्याने बानोला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दुकान आपलं हाय. कोट त्या बाईचा हाय."

खुर्शीदने नटाचा फोटो खाली काढला. बारीक ब्रश घेऊन त्याखाली पांढऱ्या रंगात, ठळक अक्षरांत लिहिलं: 'अंगातील कोट कै. उकंडराव यांचा'. आणि फोटो होता तिथेच परत टांगला.

बाजाराच्या दिवशी लोकांनी वाचलं आणि पोट धरून हसले. दोन नवरदेव आल्या पावली परत फिरले. दुपारी किसनराव आले. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मंग मी कोणाच्या कोटात बसलो व्हतो?"

"ज्याच्या कोटात नट बसला, त्याच्याच," खुर्शीद म्हणाला.

किसनरावांनी फोटोकडे आणखी एकदा नीट पाहिलं आणि चालते झाले.

पुढच्या बाजारी दुकानात माशा होत्या तेवढ्या. सत्यभामाबाई पाटी घेऊन जाता जाता दारात थांबली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून खुर्शीदने फोटोखालची ओळ वाचून दाखवली. तिने आणखी एकदा वाचायला लावली.

तेवढ्यात एसटीतून उतरलेला एक किडकिडीत पोरगा आला. डोक्याला चापून तेल, तोंडावर संकोच. सत्यभामाबाईला पाहून तो अडखळला, मग वाकून तिच्या पाया पडला आणि खुर्शीदकडे वळला.

"मी निवृत्ती, किसनरावांचा भाचा. उकंडरावांचा कोट द्या. मामांनी पाठवलं. म्हणे, लग्नाआधी एक फोटो काढून घे, सासऱ्याच्या कोटात."

खुर्शीद उठायच्या आत सत्यभामाबाईने कोट खुंटीवरून काढला आणि झटकून जावयापुढे धरला. त्याने बाह्यांत हात घातले. कोट पाठीत चांगलाच ढगळ होत होता. मागून टाचण्या लावून तो घट्ट करावा म्हणून खुर्शीद पुढे झाला, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यायलेही असाच सैल व्हत व्हता."