उठणार म्हणणाऱ्या सिस्टर

सिस्टर कुणाकडेही पाहायच्या त्या आधी त्याचं जन्माचं वजन आठवून. आमच्या गावात चाळिशीच्या आतला जो कुणी आज मिशीला पीळ देत फिरतो, तो पहिल्यांदा त्यांच्याच हातात रडलेला आहे. सरपंचांनी नवी पांढरी गाडी घेतली तेव्हा अख्खं गाव पेढे खात गाडीभोवती फिरत होतं. सिस्टरनी पेढा घेतला, सरपंचांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पावणेदोन किलो भरला होता. कापसात गुंडाळून ठेवला होता मी. जगंल असं वाटलं नव्हतं. बरं झालं बाबा, गाडी घेतली." त्यानंतर सरपंचांनी गाडीचा एकही फोटो कुणाला काढू दिला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. करमाडहून आत वळलं की लागतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर गाव माझ्याविरुद्ध ठराव करील, आणि ठराव करण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरू शकत नाही. शाळेचं छत सात वर्षं गळतं आहे. ठराव मात्र एका बैठकीत होतो.

सिस्टर मूळच्या मेंढपाळांच्या घरातल्या. लहानपणी पायाला जखम होऊन ती चिघळली, तेव्हा वडिलांनी त्यांना मिशनच्या दवाखान्यात टाकलं आणि मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामाला गेले. परत आले तेव्हा पाय बरा झाला होता आणि मुलगी वाचायला शिकली होती. तिथेच पुढे त्या नर्स झाल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, आणि एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या शांतवनकाकांशी लग्न केलं. माहेरानं बोलणं टाकलं. पुढे सरकारी नोकरीत आमच्या गावच्या उपकेंद्रात त्यांची नेमणूक झाली आणि निवृत्तीनंतर त्या तिथेच राहिल्या, गावाच्या कडेला दोन खोल्या आणि मागे दीड गुंठा जागा घेऊन. शांतवनकाका दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलत. सिस्टर म्हणत, "ह्यांच्या नावातच शांत हाय. मंग उरलेलं कुणी बोलायचं?"

'पुनरुत्थान' हा शब्द त्या वापरत नसत. तो पाळकसाहेबांचा शब्द, शहरातल्या छावणी भागातल्या चर्चमध्ये वापरायचा. त्या नुसतं 'उठणार' म्हणत. मेलेली माणसं एक दिवस उठणार, हे त्या करमाडला बस येणार अशा आवाजात सांगत: येणार हे नक्की, कधी ते विचारू नये. कॉलेजात असताना मला नवीनच अक्कल फुटली होती. मी त्यांना विचारलं, "सिस्टर, मेलेला माणूस उठतो कसा, सांगा बरं?"

"तू कसा उठलास?" त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "निळा पडला होतास. रडंना का हलंना. तुझी आजी तर दारात बसून मोकळी झाली होती रडून."

"म्हणजे ते पुनरुत्थान होतं?"

"नाय रे बाबा. नाकातला चिकटा काढला मी तुझ्या. पण तेवढ्यावर तुझ्या आजीनं पाच नारळ फोडले. मी काय म्हणले का, की नारळानं कसा उठला, सांगा बरं?"

माझी अक्कल त्यानंतर काही दिवस मिटूनच होती.

दर रविवारी त्यांच्या ओट्यावर प्रार्थना व्हायची. माणसं आठ. त्यात दोन जण ऐकायला यायचे आणि एक म्हातारी फक्त चहासाठी. कितीतरी वर्षं गावाला त्याचं काही वाटलं नव्हतं; ढोलकी वाजली की लोक म्हणत, रविवार आहे वाटतं. मग मोबाइल आले आणि मोबाइलनं गावाला कळवलं की त्या ओट्यावर देश बुडवण्याचं काम चालू आहे. आमिष दाखवून धर्म बदलला जातो, असा आरोप होता. आमिष म्हणजे कपभर चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं. लहानपणी मीही अनेकदा त्या आमिषाला बळी पडलो आहे. बिस्किटं मऊ पडलेली असत.

एका रविवारी दहा-बारा तरुण आले. घोषणा देत ओट्यावर चढले, ढोलकी फोडली, पुस्तकं अंगणात फेकली. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता, म्हणजे धर्मरक्षणाची नोंद राहावी. शांतवनकाका मधे आले तर त्यांना ढकललं. ते उंबऱ्यावर पडले आणि मनगट मोडलं. ते शूटिंग नंतर एकानं मला गुपचूप दाखवलं; त्यात सिस्टरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तोंडाला रुमाल बांधलेल्या एकाला त्या म्हणतात, "रुमाल काढ रे गणेश, गुदमरशील. तुझा आवाज मला ठाव हाय. जन्मला तवा बी असाच बोंबलत होतास, अडीच किलोचा जीव आनं दहा किलोचा आवाज." तो व्हिडिओ तरुणांनी स्वतःच कुठे पाठवला नाही.

सिस्टर काकांचा हात गळ्यात बांधून त्यांना घेऊन ठाण्यात गेल्या. तिथे कळलं की तक्रार आधीच आली आहे, त्यांच्याविरुद्ध. गाणी म्हणून गावाची शांतता भंग केली. साहेबांनी त्यांना तीन तास बाकावर बसवलं आणि समज देऊन सोडलं. बाहेर आल्यावर त्या शांतवनकाकांना म्हणाल्या, "बघा, आपल्यामुळं शांतता भंगली. तुमची तर जन्मात कधी भंगली नव्हती." काका हसले. हात मोडलेला माणूस हसला म्हणून त्या स्वतःवर खूश झाल्या.

मग ठराव झाला. इथे माझा प्रवेश. शहरात औरंगपुऱ्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील. त्यांनी हातानं लिहिलेला कागद घेऊन ते दुकानात आले. सिस्टरच्या घराशी गावानं व्यवहार ठेवू नये, गिरणीवाल्यानं दळण देऊ नये, किराणावाल्यानं माल देऊ नये, असं त्यात होतं. मी काय केलं? मी 'अण्णा, ही बाई नसती तर मी नसतो' असं म्हणालो नाही. मी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या, समास नीट ठेवला आणि पाच प्रती काढून दिल्या. माझ्या मते मी तटस्थ होतो.

बहिष्कार कडक होता, पण पुढच्या दारापुरता. सिस्टर दळण घेऊन करमाडला जात, आणि मागच्या दारानं गावातल्या बाया लेकरं घेऊन येत. ताप, उलट्या, खोकला. ज्यांच्या नवऱ्यांनी सह्या केल्या होत्या त्यांचीच लेकरं. सिस्टर औषध देत आणि वर बजावत, "मागूनच जा गं. कुणी बघितलं तर तुझ्या मालकाचा ठराव नापास व्हायचा."

त्याच उन्हाळ्यात एका पहाटे शांतवनकाका गेले. झोपेतच, नेहमीसारखे काही न बोलता. मी त्या दिवशी गावात होतो. सिस्टरनी घरामागच्या आपल्या जागेत, लिंबाखाली त्यांना माती द्यायचं ठरवलं. काकांचीच तशी इच्छा होती. नऊ वाजेपर्यंत दारात तीस-चाळीस माणसं जमली. मयतीला नव्हे, अडवायला. सगळ्यांत पुढे अण्णा.

सिस्टर बाहेर आल्या. डोळे सुजले होते, पण पदर नीट खोचलेला.

"पाटील, सावलीला व्हा. तुमाला बीपी हाय."

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, गावाचं ठरलंय. इथं पुरायचं नाय."

"जागा माझी हाय. सातबारा दाखवू?"

"जागा तुमची, माती गावाची. शहरात न्या. छावणीत तुमच्या लोकांची जागा हाय."

सिस्टरनी सगळ्या घोळक्यावरून नजर फिरवली. एकेकाचं वजन आठवत असाव्यात. मग शांतपणे म्हणाल्या, "जित्यापणी हा माणूस कुणाला कधी मोठ्यानं बोलला नाय. आता मेल्यावर त्याला एवढे भेता कामून? का तुमाला बी वाटतंय, की तो उठणार?"

एकदोघं खाली पाहू लागले. मी कुंपणाजवळ उभा होतो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की त्या घोळक्यात सिस्टरच्या धर्मावर मनापासून विश्वास असलेली खूप माणसं आहेत. फक्त सिस्टरना ज्याचा आनंद वाटतो त्याची त्यांना धास्ती वाटते.

पण जमाव हलला नाही. पोलिसांना फोन केला तर ते म्हणाले, गावाशी समजुतीनं घ्या. गावातला एकही टेंपोवाला यायला तयार नव्हता. ऊन चढत होतं. सिस्टरनी मग एक फोन लावला, आणि तासाभरात धुरळा उडवत मेंढरं वाहायची एक पिकअप आली. चालवत होता सिस्टरचा धाकटा भाऊ, धोंडीमामा. कपाळभर भंडारा, डोक्याला फेटा. चाळीस वर्षं बहिणीशी न बोललेला माणूस. तो उतरला, अण्णांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाटील, मी हिच्या देवाचा नाय. पण दाजी माझा हाय. बाजू व्हा."

पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या काकांना बाजेसकट पिकअपमध्ये ठेवायचं होतं. धोंडीमामा आणि प्रार्थनेला येणारे दोघं, असे तिघं जण होते, चौथा खांदा कमी पडत होता. मी कुंपणापासून तिथपर्यंत चालत गेलो. बारा-पंधरा पावलं असतील. अण्णा पाहत होते. मी बाज उचलली आणि तसाच गाडीत मागे चढून बसलो, कारण खाली उतरून परत त्या घोळक्यात जायची हिंमत नव्हती. लोक याला धाडस म्हणतात, म्हणोत.

मागे काका, सिस्टर आणि मी. जालना रोडला लागल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ठरावाचं शुद्धलेखन चांगलं होतं."

मी मान खाली घातली. "मीच टाइप केला, सिस्टर."

"ठाव हाय मला. 'बहिष्कृत' मधला ऋकार गावात दुसऱ्या कुणाला जमत नाय."

"चुकलो. माफ करा."

"करीन. मला दुसरा इलाज ठेवलाय का त्यानं?" त्यांनी वर बोट दाखवलं. "पण छावणी येऊस्तोवर जरा तडफड. लगीच केलं की किंमत राहत नाय."

मी तडफडलो. त्या नवऱ्याच्या पायावरची चादर वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबून बसल्या होत्या. शेंद्र्याच्या कारखान्यांपाशी ट्रकांच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. एवढंच. छावणी अजून बरीच लांब होती.

दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. उठण्याबद्दलच बोलले, चांगलं बोलले. आम्ही मूठ मूठ माती टाकली. सिस्टरची पाळी आली तेव्हा त्या मातीत बसल्याच. दिवसभरात पहिल्यांदा रडल्या, तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारख्या. धोंडीमामांनी दंडाला धरलं तर म्हणाल्या, "उठणार हाय, मला ठाव हाय. त्याची मला शंका नाय धोंड्या. पण उद्या सकाळी मी चहा कुणाला देऊ?" पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि तेही खाली बसले. त्या प्रश्नावर उत्तर देण्याचा आगाऊपणा त्यांनी केला नाही, म्हणून मला तो माणूस आवडतो.

सगळ्यांना वाटलं, आता सिस्टर शहरात राहतील. पाळकसाहेबांनी खोलीही पाहिली होती. त्या चौथ्या दिवशी गावात परतल्या. "मी गेले तर ह्यांनी बहिष्कार टाकायचा कुणावर?" म्हणाल्या. रविवारी ओट्यावर पुन्हा प्रार्थना सुरू झाली. ढोलकी नव्हती, टाळ्या वाजवल्या. आठातले पाचच उरले होते, त्यात चहावाली म्हातारी होती. सिस्टर म्हणत, "हिचा विश्वास सगळ्यात पक्का."

दोन वर्षांनी त्या गेल्या. मंगळवारी सकाळी मागच्या दारानं खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या गावातल्या एका सुनेला त्या खुर्चीत बसलेल्या सापडल्या. या वेळी कुणी अडवलं नाही, कारण कुणाला विचारलंच नाही. धोंडीमामांना त्यांनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. छावणीत काकांशेजारी त्यांना माती दिली. गावातून बायांची एक जीप भरून आली होती. अण्णा आले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत, असं आई म्हणाली. चौकात मात्र दुसऱ्या दिवशी भावपूर्ण श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. खाली हात जोडलेल्या बारा तरुणांचे फोटो होते, आणि कोपऱ्यात, जागा उरली तेवढी, सिस्टर.

पुनरुत्थानाच्या रविवारी उजाडायच्या आधी छावणीतले ख्रिस्ती लोक दफनभूमीत जमतात. आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात. यंदा मीही गेलो. मी ख्रिस्ती झालेलो नाही, घरच्या देवांनाही माझा फारसा उपयोग नाही. तरी गेलो. फाटकाबाहेर धोंडीमामा काठी टेकून उभे होते. मेंढरं भावाच्या पोराकडे सोडून पहाटेच आलेले.

"आत चला की मामा."

"नगं. कुणी काय म्हनंल."

"इथं कुणी अडवत नाही."

त्यांनी जरा विचार केला, चपला काढल्या आणि माझ्यामागून आत आले. बहिणीच्या थडग्यापाशी आम्ही मेणबत्ती लावली. भंडाऱ्याची चिमूट त्यांनी कुणाचं लक्ष नाही असं पाहून मातीवर टाकली. पलीकडे गाणं चालू होतं. उजाडत आलं होतं. ओळीनं लावलेल्या मेणबत्त्या फिक्या पडू लागल्या होत्या.

"काय म्हनत्यात ही लोकं?" मामांनी हळूच विचारलं.

"म्हणतात, ही सगळी माणसं एक दिवस उठणार."

मामांनी त्या रांगांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मेंढरं मोजावीत तशी.

"मंग आक्का पयली उठंल," ते म्हणाले, "आनं बाकीच्यांस्नी हाका मारत सुटंल."